कातरीला मिळालेली पोच

त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं होतं. ऑफिसात सगळे त्याला कातरी म्हणत. तोंडावर कातरीसाहेब, पाठ वळली की नुसतं कातरी. नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्याला माणसाची पारख होती हे कबूल करायला हवं. काटकुळा, उंच, पाय जुळवून उभा राहणारा माणूस, आणि त्याने तोंड उघडलं की समोरच्याचं काही ना काही कापलं जायचंच. कहर म्हणजे त्याला स्वतःला हे नाव आवडायचं.

त्याची कंपनी दवाखान्यांसाठी मशीन बनवायची. आजारी माणसाच्या उशाशी असतं ते. बोटाला चिमटा लावायचा, पडद्यावर नाडी नाचते आणि नाडी बिघडली की मशीन बोंब मारतं. बाहेरून ते एक दिसतं, आत तीन प्रोग्रॅम राहतात: एक मोजणारा, एक दाखवणारा आणि एक ओरडणारा. तिघांना मुद्दाम वेगवेगळं कोंडलेलं असतं, म्हणजे एक कोसळला तर बाकीच्यांना घेऊन कोसळत नाही. ते एकमेकांच्या घरात डोकावत नाहीत. जे काही सांगायचं ते मेसेज पाठवून सांगायचं. आता हा मेसेज कसा असावा, त्यात कुठल्या गोष्टी याव्यात, कुठल्या क्रमाने, एखादी जागा रिकामी आली तर तिचा अर्थ काय घ्यायचा, हे आधी कुणीतरी ठरवून ठेवावं लागतं आणि तिघांनी ते मुकाट पाळायचं असतं. हे ठरवणारा माणूस म्हणजे कातरी. अख्ख्या नोकरीत त्याने दुसरं काम केलं नाही, आणि कुणी दिलं असतं तर नाकच मुरडलं असतं.

कामात तो वस्ताद होता, हे त्याच्या नावाने बोटं मोडणारेही मान्य करत. नवीन पोरं मेसेज लिहायची ते अगदी ऐसपैस, कोण बोलतंय, कुणासाठी बोलतंय, का बोलतंय, सगळं भरून. कातरी समोर बसायचा. "हे कुणी विचारलंय?" आणि एक ओळ उडायची. "हे त्याला कशाला हवंय?" आणि दुसरी उडायची. शेवटी जे उरायचं ते इतकं आटोपशीर असायचं की पोरांना स्वतःचीच लाज वाटायची. मशीन मात्र पळायचं.

त्याची सगळ्यात नावाजलेली कापाकापी पोचेची. मोजणाऱ्याने ओरडणाऱ्याला 'ओरड' असा मेसेज टाकला की त्याची परत पोच यायची, आणि पूर्वी ती दोनदा यायची. प्रत्येक प्रोग्रॅमच्या दाराशी एक पेटी असते, आलेले मेसेज आधी तिच्यात पडतात. मेसेज पडला की पेटी कळवायची, मिळाला. मग ओरडणारा तो उचलायचा, खरोखर ओरडायचा आणि स्वतः कळवायचा, ओरडलो. कातरीने ही दुसरी पोच उडवली. "एकाच कामाच्या दोन पावत्या कशाला? मिळालं म्हणजे झालं," असं तो म्हणाला. पेटीने एकदा 'ठीक' म्हणायचं, विषय संपला. मशीनचा वेग वाढला आणि कंपनीच्या मालकांनी, म्हणजे मोठ्या साहेबांनी, सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. तो दिवस कातरीला लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त आठवायचा.

घरीही हीच तऱ्हा. लग्न झालं तेव्हा बायको चांगली गप्पिष्ट होती. "अहो, आज काय झालं माहितीये? मी जिना उतरत होते, तर खालच्या काकू भेटल्या, त्यांच्या हातात..." "मुद्दा?" कातरी विचारायचा. पेपरातून डोकंही वर काढायचा नाही. तिने पुन्हा सुरुवात केली की पुन्हा, "मुद्दा?" बिचारीने काही वर्षं नेट धरला. मग ती आपोआप आखडत गेली. "गॅस संपला." "नळ गळतोय." "ताट वाढलंय." आपला संसार कसा सुरळीत चाललाय, हे कातरी ऑफिसात अभिमानाने सांगायचा. एकदा ती म्हणाली, "हल्ली जिना चढताना दम लागतो." "मग हळू चढ," कातरी म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला. विषय तिच्या छातीत पुढे बरीच वर्षं चालू राहिला.

मुलगी मात्र त्याला पुरून उरली. आईनेच तिला टकळी नाव ठेवलं होतं, कारण तिचं तोंड सकाळी जे चालू व्हायचं ते झोपेतही बंद व्हायचं नाही. बाप "मुद्दा?" म्हणाला की ती म्हणायची, "बाबा, मुद्दा शेवटी आहे, आधी गंमत ऐका." आणि गंमत सांगायचीच. जगात कातरीचं जिच्यापुढे काही चालत नसे अशी ती एकच व्यक्ती होती, आणि खरं सांगायचं तर त्याला ते मनातून फार आवडायचं. मुद्दा त्याला कधीच नको असायचा, तिचा आवाज हवा असायचा. पण हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. कापून टाकलं.

ही टकळी बापाशी बोलायची बंद कशी झाली आणि बापाने तिचं बोलणं परत मिळवायला काय काय केलं, एवढीच या माणसाची गोष्ट. बाकी त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नाही.

टकळी शिकली तीही बापाचीच विद्या. परीक्षा देऊन, मुलाखत देऊन, बापाचा वशिला न लावता ती त्याच कंपनीत लागली आणि त्याच्याच हाताखाली आली. पहिल्या दिवशी सकाळी घरातच कातरीने तिला बजावलं, "ऑफिसात मी तुझा बाप नाही. सर म्हणायचं."

"आणि घरी?" टकळीने विचारलं.

आई ओट्यापाशी तोंडाला पदर लावून हसली. कातरी हसला नाही.

ऑफिसात दर आठवड्याला एक बैठक व्हायची. कागदोपत्री तिचं नाव काहीतरी सभ्य होतं, पण सगळे तिला चिरफाड म्हणत. ज्याने नवा मेसेज ठरवला असेल त्याने पडद्याशेजारी उभं राहायचं, बाकीच्यांनी बसून फाडायचं. उभ्या माणसाने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. ही रीत कातरीनेच पाडलेली. चिरफाडीतून रडत बाहेर पडलेली माणसं तो नावानिशी लक्षात ठेवायचा आणि त्यातली काही नावं कौतुकाने सांगायचा.

एका चिरफाडीत दुसऱ्याच कुणाचा तरी मेसेज पडद्यावर होता आणि टकळीने हात वर केला.

"सर, पोचेबद्दल बोलायचंय. आपली पोच पेटी देते. समजा, ओरडणारा आत कोसळून पडलाय. पेटीला ते माहीत नसतं. मेसेज पडला की ती 'ठीक' म्हणणार. मोजणाऱ्याला वाटणार, ओरडून झालं. तो पुन्हा सांगणारच नाही."

पोचेवर बोलायचं म्हणजे थेट कातरीच्या मुकुटाला हात. कातरीने पेन खाली ठेवलं.

"पुढे ये. उभी राहा. हेच एका वाक्यात सांग."

टकळी पुढे आली. "पेटीत मेसेज पडला म्हणजे तो कुणी ऐकला असं होत नाही."

"लांब आहे. अजून कमी कर."

"मिळणं वेगळं, ऐकणं वेगळं."

"कविता नको. एका शब्दात सांग."

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. टकळीचे कान लाल झाले. ती बापाकडे सरळ बघत म्हणाली, "खोटं."

"काय?"

"तुमची पोच. खोटं बोलते ती."

कातरी खुर्चीत मागे रेलला. त्याला राग आला होता, आणि राग आला की त्याचा आवाज मऊ व्हायचा. "पुराव्याशिवाय काहीतरी वाटत राहणं आणि ते चारचौघांत बोलून दाखवणं," तो म्हणाला, "हे घरी आईकडून शिकलीस वाटतं? तिलाही कायम काहीतरी वाटतच असतं."

सगळी खोली खदाखदा हसली. त्यात मन मारून हसलेले होते तसे मनापासून हसलेलेही होते. टकळी बैठक संपेपर्यंत पडद्याशेजारी उभीच राहिली, कारण बस म्हणून तिला कुणी सांगितलं नाही. बापाने सांगितलं असतं तर बसली असती. त्याच्या ते लक्षात होतं. त्याने सांगितलं नाही.

घरी त्या दिवशी ती जेवताना नेहमीसारखी बोलली, फक्त आईशी. आईला ऑफिसातलं काही कळलं नाही. कळलं असतं तरी ती काय करणार होती म्हणा.

पुढे काही दिवसांनी एका मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर मशीन बघायला आले. मोठे साहेब स्वतः हजर होते, चहा झाला, हसणं-खिदळणं झालं. डॉक्टरांनी चिमटा स्वतःच्याच बोटाला लावला. नाडी नाचली. मग त्यांनी चिमटा काढून टेबलावर ठेवला. पडद्यावरची रेघ आडवी झाली. आता मशीन बोंब मारणार म्हणून सगळे थांबले. मशीन गप्प. डॉक्टरांनी छताकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग म्हणाले, "फारच समंजस मशीन आहे. माणूस गेला तरी कुणाची झोप मोडत नाही." आणि त्यांनी आपली बॅग उचलली.

ते गेल्यावर मोठ्या साहेबांनी सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं. आतली नोंद उघडली. मोजणाऱ्याने 'ओरड' असा मेसेज पाठवला होता आणि त्याची पोच आली होती, 'ठीक'. ओरडणारा त्याआधीच कोसळून पडला होता. कातरीला एका नजरेत सगळं समजलं. टकळीला तर आधीपासूनच माहीत होतं. बाप बोलेल म्हणून ती वाट बघत होती.

"कुणाचं काम हे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

कातरी म्हणाला, "ओरडणाऱ्याच्या मेसेजला शेवटचा हात हिने लावलाय."

हे खरं होतं. आदल्या आठवड्यात टकळीने त्या मेसेजमध्ये आवाज लहानमोठा करायची एक जागा वाढवली होती. तिचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता. पण कातरी एक अक्षरही खोटं बोलला नाही. त्याने फक्त पुढचं कापलं. जन्मभराची विद्या अशी पोटच्या पोरीवर चालवली आणि मग पडद्यावरच्या आडव्या रेघेकडे बघत उभा राहिला.

टकळीने त्याच्याकडे पाहिलं. सर म्हणावं की बाबा, हे बहुतेक तिला ठरवता आलं नाही, म्हणून ती काहीच म्हणाली नाही. त्याच संध्याकाळी तिने ओळखपत्र दारावरच्या वॉचमनच्या हातात दिलं. वॉचमन म्हणाला, "वडील थांबलेत का आत?" ती म्हणाली, "हो. त्यांचं काम चालू आहे."

ते काम काय होतं हे ऐकून घ्या. कातरी रिकाम्या ऑफिसात बसून पोच दुरुस्त करत होता. पोरीने सांगितलं होतं अगदी तशीच: पेटीची पोच वेगळी, ओरडणाऱ्याची वेगळी, आणि दुसरी आली नाही तर मोजणाऱ्याने पुन्हा सांगायचं. बदलाला नाव दिलं 'किरकोळ सुधारणा'. पुढच्या चिरफाडीत ती कुणी वाचलीही नाही, कारण कातरीच्या सुधारणा वाचायची पद्धत नव्हती.

टकळी दुसऱ्या शहरात निघून गेली. गेली म्हणजे रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, पण कातरीला तो अर्धा दिवस कधी ओलांडता आला नाही. घरात आता आईच दोघांच्या मधली पेटी झाली. फोनवर ती म्हणायची, "बाबा विचारतायत, जेवलीस का?" कातरीने असं काही विचारलेलं नसायचं. मग फोन ठेवून सांगायची, "विचारत होती तुमचं." तेही खोटं असायचं. कातरीला कळायचं, पण ते त्याने कधी कापलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो बायकोला म्हणाला, "अजून काय म्हणाली?" बायको जिन्याचा कठडा धरावा तशी खुर्ची धरून उभी राहायची आणि आठवून आठवून सांगायची.

मग एक दिवस ती जिन्यातच बसली. खालच्या काकूंनी पाहिलं तेव्हा तिच्या मांडीवर भाजीची पिशवी होती आणि मान भिंतीला टेकलेली होती. दम संपला होता.

टकळी आली. आईचं सगळं तिने केलं, बापाला हात लावू दिला नाही. निघायच्या दिवशी ती दारात चपला घालत होती. कातरी पाय जुळवून उभा होता. काहीतरी मोठं बोलायचं म्हणून त्याने सकाळपासून जुळवाजुळव केली होती. ऐन वेळी तोंडातून निघालं ते एवढंच: "मेसेज करत जा."

"काय लिहू?"

"फार काही नको. ठीक आहेस, एवढं कळलं तरी पुरे."

"एवढंच?"

"एवढंच."

टकळीने मान डोलावली. एखादं काम नीट समजून घेतल्यावर डोलावतात तशी. "तुम्ही लिहा, मी उत्तर देईन," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

कातरी निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, तीही त्याला लांबलचक वाटली. आता घरात तो एकटा. सकाळी येऊन केर-भांडी करणारी बाई तेवढी यायची, किल्ली तिच्याकडे असायची. आयुष्यात त्याला आता एकच गोष्ट हवी होती: टकळीने आपल्याशी बोलावं. रोज सकाळी चहा झाला की तो फोन घेऊन बसायचा आणि लिहायचा. आधी भरपूर लिहायचा, मग सवयीने कापायचा. "चहा झाला." "थंडी आहे." "खालचा दिवा दुरुस्त केला." पाठवलं की लगेच उत्तर यायचं: "ठीक."

तो फोन हातातून खाली ठेवायच्या आत उत्तर हजर. हे त्याने खालच्या काकूंना मुद्दाम दाखवलं. काकू हळहळल्या. "नशीबवान आहात हो. आमच्या पोरांना दोन-दोन दिवस उत्तर द्यायला फुरसत नसते." कातरीची छाती फुगली. कामात असेल, मीटिंगमध्ये असेल, पण बापाचा मेसेज आला की पोरगी हातातलं टाकून उत्तर देते! तो जिना चढून वर आला आणि उगाचच अजून एक मेसेज पाठवला. "काकू भेटल्या." "ठीक."

मेसेज ठरवण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला यात काही खटकू नये, याला काय म्हणायचं? पण माणसाला जे हवं असतं ते मिळालं की तो तपासत बसत नाही. एरवी दुसऱ्याची ओळ न् ओळ सोलणारा कातरी या एका शब्दापुढे पार भाबडा झाला होता.

धीर यायला त्याला बरेच महिने लागले. शेवटी एका सकाळी त्याने ते लिहिलं. पोच खोटीच होती. तू बरोबर होतीस, आणि मला ते त्या चिरफाडीतच कळलं होतं. तुला उभं ठेवलं ते मुद्दाम ठेवलं. आईवरून बोललो ते सगळ्यांना हसवायला बोललो. डॉक्टर आले त्या दिवशी मी तुझा बळी दिला. नंतर तू म्हणालीस तसंच सगळं बदललं आणि तुझं नाव घातलं नाही. आईला दम लागायचा ते मला माहीत होतं. तू लहानपणी गंमत सांगायचीस तेव्हा मी पेपर वाचत नसायचो, नुसता धरायचो. हे सगळं त्याने लिहिलं, पुन्हा वाचलं आणि त्यातलं एक अक्षरही कापलं नाही. पाठवलं.

लगेच उत्तर आलं. "ठीक."

कातरी रडला. ओक्साबोक्शी रडला, नाक पुसायला बायकोचा जुना पंचा घेतला आणि त्यात तोंड खुपसून आणखी रडला. पोरीने एका शब्दात सगळं पोटात घातलं! ना उलट प्रश्न, ना टोमणा. आपलीच मुलगी, आपल्यासारखीच मोजकं बोलणारी झाली, असं म्हणून त्याचा ऊर भरून आला. त्या दिवशी तो पोटभर जेवला. पुढचे काही दिवस जिन्यात भेटेल त्याला थांबवून तो हवापाण्याच्या गप्पा मारू लागला. लोकांना वाटलं, म्हातारा जरा निवळला.

आणि मग तो न्हाणीघरात पडला. केर-भांड्यांच्या बाईची त्या दिवशी सुट्टी होती. साबणावरून पाय सटकला, खुब्यात कडकन आवाज झाला आणि पाय भलत्याच दिशेला वळून राहिला. फोन कपड्यांच्या घडीवर होता. घडी ओढली, फोन हातात आला. खालच्या काकूंचा नंबर त्यात होता. दवाखान्याचा होता. कातरीने दोन्ही सोडून टकळीला लिहिलं, "पडलो. उठता येत नाही. ये."

"ठीक."

झालं, निघाली पोरगी. कातरीने टॉवेल अंगावर नीट ओढून घेतला. काकूंना बोलवायचं तर या अवस्थेत त्यांनी आपल्याला बघायचं, त्यापेक्षा अर्धा दिवस कळ काढलेली बरी. एवीतेवी ती येतेच आहे. ती आल्यावर काय बोलायचं हेही त्याने ठरवून टाकलं: काहीच नाही, आधी तिची गंमत ऐकायची. दुपार कलली तेव्हा त्याने फोन लावून पाहिला. वाजून वाजून बंद झाला. गाडीत असेल, आवाज ऐकू आला नसेल. संध्याकाळी वेदना सहन होईनात तेव्हा त्याने काकूंचा नंबर काढला, पण तेवढ्यात फोनची बॅटरी संपली. त्याने हाका मारल्या. फार जोरात नाही. जिन्यात पावलं वाजली की तो गप्प व्हायचा आणि कान द्यायचा.

सकाळी केर-भांड्यांची बाई किल्लीने दार उघडून आत आली तेव्हा तो गारठून निळा पडला होता. ती किंचाळलीच. "अगं बाई! साहेब, अहो, कुणाला बोलवलं का नाहीत? काकू तर खाली घरातच होत्या की!"

"मुलगी येतेय," कातरी म्हणाला. "निरोप पोचलाय तिला."

दवाखान्यात हाड जोडलं, पण पाय काही कामाचा राहणार नाही असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. वेळेत आणलं असतं तर, असंही म्हणाले. हे त्यांना सांगायची काय गरज होती कोण जाणे. खाटेच्या उशाशी मशीन होतं. कातरीने मान वळवून बघितलं आणि ओळखलं. त्याच्याच कंपनीचं. आत तिघं कोंडलेले, मधे त्याने ठरवलेले मेसेज आणि पोरीची पोच: नुसतं मिळालं म्हणून चालत नाही, ऐकलं असं ज्याने ऐकलं त्यानेच सांगावं लागतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं मशीन मधूनच ओरडायचं, सिस्टर धावत यायची, बटण दाबायची. सगळं नेमकं चाललं होतं.

फोन चार्ज करून कुणीतरी हातात दिला. टकळीचा एकही फोन येऊन गेलेला नव्हता. कातरी बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिला. सगळ्यात वर तिच्या जाण्यानंतरचा पहिला मेसेज, मग खाली खाली, चहा, थंडी, दिवा, काकू, आणि मधोमध त्याचं ते लांबलचक लिहिलेलं, आणि शेवटी पडलो. प्रत्येकाखाली तोच शब्द, सारख्याच घाईने आलेला. चहालाही तेवढ्याच घाईने आणि आईच्या दमालाही. आता मात्र त्याच्यातला कातरी जागा झाला.

त्याने नुसतं एक टिंब लिहिलं आणि पाठवलं.

"ठीक."

त्याने डोळे मिटून बोट फिरेल तशी अक्षरं दाबली आणि पाठवली.

"ठीक."

मग त्याने लिहिलं, "मी मेलो."

"ठीक."

तिने त्याचं काम नीट समजून घेतलं होतं. आपल्या फोनच्या दारात एक पेटी बसवली होती, बापाने जेवढं मागितलं होतं तेवढंच आपोआप बोलणारी. आत कुणी नव्हतं. कदाचित असेलही, कधीतरी येऊन पेटी उघडून बघतही असेल; पण पेटीला ते माहीत नसतं, आणि पाठवणाऱ्याला तर कळायचा मार्गच नसतो. ती माफी कुणी वाचली का? तो रडला, पोटभर जेवला, त्या सगळ्याचं काय? त्याला ओरडावंसं वाटलं. उशाशी मशीनमध्ये त्याची नाडी भराभरा नाचू लागली, वर चढली आणि मशीनने बोंब मारली.

सिस्टर धावत आली. तिने बटण दाबलं, मशीन गप्प झालं. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला, कपाळावर ठेवला. "काय झालं आजोबा? दुखतंय का फार?"

कातरीने नाही म्हणून मान हलवली.

"घरचं कुणी अजून दिसलं नाही तुमचं." तिने पांघरूण सारखं केलं. "मुलगी आहे म्हणालात ना? कळवलंय का तिला?"

"कळवलंय."

"उत्तर आलं?"

"आलं."

"काय म्हणाली?"

कातरीने फोन छातीवर पालथा ठेवला. सांगण्यासारखं खूप होतं, आणि पहिल्यांदाच त्याला त्यातलं काही कापायचं नव्हतं. पण सिस्टरला शेजारच्या खाटेवर जायचं होतं, तिचं अर्धं लक्ष तिकडेच होतं.

"ठीक म्हणाली."

"मग झालं तर," सिस्टर म्हणाली आणि पडदा ओढून पुढच्या खाटेकडे गेली.